मोठ्यांची खरेदी व लहानांची पुंजी

मुंबईच्या इतिहासांत १८६४ व १८६५ हीं दोन सालें 'शेअर मॅनिया'चीं सालें म्हणून प्रसिद्ध आहेत. या प्रकरणाची हकीकत बहुतेक लेखक एकाच सुरांत सांगतात: कापसाचा पैसा आला, लोकांना वेड लागलें, वेड उतरलें, लोक बुडाले. वेडाची ही उपपत्ति फार सोयीची आहे. कारण वेड लागणारा मनुष्य आपण नव्हे, अशी प्रत्येक वाचकाची मनांतून खात्री असते. परंतु त्या दोन वर्षांतील घडामोडी जरा लक्षपूर्वक पाहिल्या म्हणजे आम्हांस निराळेंच चित्र दिसतें. ज्या कारकुनांनीं, मास्तरांनीं, वैद्यांनीं व पेन्शनरांनीं त्या वेळीं आपली पुंजी घालविली, त्यांतील पुष्कळजण वेडे तर नव्हतेच. उलट आपल्या समजुतीप्रमाणें ते अतिशय सावध होते. त्यांनीं स्वतःच्या अकलेवर भरंवसा ठेवला नाहीं. आपल्याहून मोठ्या, जाणत्या आणि श्रीमंत माणसांनीं काय घेतलें हें पाहून त्यांनीं तेंच घेतलें. या सावधपणानेंच त्यांचा घात कसा झाला, तें येथें पाहण्याचा आमचा विचार आहे.

मूळ कारण सर्वांस ठाऊक आहे. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण संस्थानांत युद्ध जुंपलें, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांस मिळणारा अमेरिकन कापूस जवळजवळ बंद पडला. तेव्हां त्या गिरण्यांनीं आपलें तोंड हिंदुस्थानाकडे वळविलें. खानदेश, वऱ्हाड, गुजराथ, धारवाड येथील कापसास मुंबई बंदरांत असा भाव येऊं लागला कीं, पूर्वीं तो कोणीं स्वप्नांतहि पाहिला नव्हता. लोकांनीं गाद्या-उशा उसवून आंतला जुना कापूस बाजारांत नेला, असें सांगतात. युद्धाच्या काळांत नेहमींच्या किंमतीहून अधिक असा सात-साडेसात कोटि पौंड, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानें सत्तर-पंचाहत्तर कोटि रुपये पैसा मुंबईंत उतरला, असा अंदाज आहे. एवढ्या पैशास वाट पाहिजे होती, आणि वाट काढून देणारांची शहरांत वाण नव्हती.

१८६५ च्या जानेवारींत मुंबईंत ३१ बँका, १६ 'फायनॅन्शियल असोसिएशनें', २० विम्याच्या कंपन्या, १० जहाजांच्या आणि ८ जमिनीच्या कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वीं यांतील बहुतेकांचा मागमूसहि नव्हता. फायनॅन्शियल असोसिएशन म्हणजे काय, हें त्यांत पैसे घालणारांपैकीं किती जणांस सांगतां आलें असतें, देव जाणे. बाकीच्या कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देणें हा त्यांचा मुख्य धंदा, आणि त्या कर्जांतून पुन्हा शेअरच विकत घेतले जात.

या सर्वांत मोठें नांव बॅकबे कंपनीचें. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंत समुद्र मागें हटवून जमीन काढावयाची, तीपैकीं कांहीं रेल्वेच्या उपयोगास द्यावयाची आणि उरलेली सोन्याच्या भावानें विकावयाची, असा हा बेत होता. बेत मूर्खपणाचा नव्हता. मुंबई शहर पुष्कळसें समुद्रांतूनच काढलेलें आहे, आणि पुढें विसाव्या शतकांत याच किनाऱ्यास भर घालून मरीन ड्राइव्हचा रस्ता झाला. पण १८६४ सालीं पांच हजार रुपयांचा बॅकबेचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेला, तो नुसत्या भावी जमिनीच्या आशेनें गेला नाहीं. मुंबई सरकारचा या बेतास उघड पाठिंबा होता. इतकेंच नव्हे, तर सरकारनें स्वतः या कंपनीचे शेअर घेण्याचें योजिलें होतें. वरिष्ठ सरकारनें ही गोष्ट नामंजूर केली, परंतु तोंपर्यंत लोकांच्या मनावर व्हावयाचा तो परिणाम होऊन गेला होता. ज्यांत सरकार पडतें तें बुडेल कसें, असें त्या काळच्या साध्या माणसानें म्हटलें असल्यास त्याला आम्ही हंसणार नाहीं. १८५७ सालानंतर सात-आठच वर्षांनीं, सरकारच्या बळाविषयीं शंका घेण्याचें त्याला कांहींच कारण नव्हतें.

सरकाराच्या खालोखाल विश्वास बँक ऑफ बाँबेचा. ही बँक १८४० सालीं स्थापन झाली. तिच्या भांडवलांत सरकारचा भाग होता, आणि नऊ डायरेक्टरांपैकीं तीन सरकारनें नेमलेले असत. सरकारी खजिन्याची शिल्लकहि तिच्याकडे राही. प्रारंभींच्या कायद्यानें तिचे हात चांगले बांधलेले होते: कशावर कर्ज द्यावें व कशावर देऊं नये, याचे निर्बंध असत, व कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची तिला मोकळीक नव्हती. १८६३ च्या दहाव्या आक्टानें हे निर्बंध सैल झाले आणि शेअर तारण घेऊन कर्ज देण्याचा अधिकार बँकेस मिळाला. हा आक्ट नेमका त्या वर्षीं व्हावा, यांत दैवाचा भाग किती आणि दलालांच्या वजनाचा किती, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. फळ काय झालें एवढेंच पाहूं.

बँकेचा त्या वेळचा सेक्रेटरी जेम्स ब्लेअर, आणि तिच्या डायरेक्टरांपैकीं एक प्रेमचंद रायचंद. प्रेमचंदाचें वय तेव्हां तेहतीस-चौतीस वर्षांचें. सुरतेकडून आलेला हा जैन दलाल इंग्रजी जाणणारा, हिशेबांत विजेसारखा चपळ आणि दानांत सढळ होता. नव्या कंपनीचे शेअर कोणास मिळावयाचे, हें पुष्कळदां त्याच्या चिठ्ठीवर ठरे, आणि चिठ्ठी मिळावी म्हणून सकाळपासून त्याच्या दारीं मंडळी तिष्ठत बसे. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन ही बँक त्याच्या हातची, बॅकबेच्या खटपटींत तो पुढें, आणि बँक ऑफ बाँबेंत त्याचा शब्द जवळजवळ हुकुमासारखा. 'प्रेमचंद घेतो आहे' एवढें वाक्य कोटांत ऐकूं आलें कीं भाव चढे.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें, कारण सगळ्या प्रकरणाचें मर्म येथें आहे. प्रेमचंद घेतो आहे, हें खरें. पण कोणाच्या पैशानें? पुष्कळ अंशीं बँकेच्या पैशानें. बँकेचा पैसा कोणाचा? ठेवीदारांचा, भागीदारांचा आणि सरकारचा. बँकेनें शेअरांवर कर्ज द्यावें, त्या कर्जानें शेअर घेतले जावे, त्यानें भाव चढावा, चढलेल्या भावामुळें तेंच तारण अधिक मोलाचें दिसावें, आणि त्यावर बँकेनें आणखी कर्ज द्यावें, असें हें रहाटगाडगें चाललें होतें. गिरगांवांतला एखादा कारकून बँकेंत आपली ठेव ठेवी. ती ठेव फिरून बड्या दलालाच्या हातीं जाई. दलाल तिनें शेअर घेई. आणि ती खरेदी पाहून तोच कारकून म्हणे कीं, एवढा मोठा माणूस घेतो आहे तर आपण मागें कां राहावें, आणि घरांत उरलेले दागिने मोडून तो शेअर घेई. ज्याला तो थोरांचा कौल समजत होता, तो त्याच्याच पैशाचा प्रतिध्वनि होता.

दुसरी गोष्ट किंमतीची. कंपनी काढणारांस शेअर मूळ किंमतीस मिळत. चिठ्ठी मिळविणारांस थोड्या चढानें. आणि बाजारांत घेणारांस दसपट किंमतीनें. तिघांच्याहि हातीं कागद तोच. 'अमक्या शेटजींजवळ बॅकबेचे शेअर आहेत' हें वाक्य तिघांच्याहि बाबतींत खरें, परंतु भाव निम्म्यावर आला तरी पहिला नफ्यांत आणि तिसरा रस्त्यावर, असा फरक असे. आमच्या मतें अनुकरण करणारानें नेहमीं विसरावी अशी हीच गोष्ट आहे, आणि तो ती नेहमीं विसरतो.

शेवटीं वायद्याचे सौदे. शेअर आज ठरवावा, पैसे अमक्या महिन्यांनंतर द्यावे, अशा कराराचा सुळसुळाट झाला, आणि असल्या शेंकडों सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ या एकाच दिवशीं भरत होती. ज्याच्यापाशीं शंभर रुपये नाहींत, त्यानें हजारांचा सौदा करावा; कारण त्या दिवसाच्या आंत तो शेअर पुढच्या गिऱ्हाइकास विकून मोकळा होऊं, असा प्रत्येकाचा बेत असे.

९ एप्रिल १८६५ रोजीं दक्षिणेचा सेनापति ली शरण गेला. ही बातमी मुंबईस येऊन पोंचल्यावर कापसाचा भाव कोसळला, आणि त्याच्या मागोमाग शेअर. मे महिन्यांत बैरामजी होर्मसजी कामा या मोठ्या व्यापाऱ्याची पेढी बसली. जुलैची पहिली तारीख उजाडली तेव्हां देणें सर्वांस होतें, घेणें सर्वांचें होतें, आणि पैसा कोणापाशींच नव्हता. बँक ऑफ बाँबेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढें ८७ रुपयांस विकला गेला, अशी नोंद आहे. दोन कोटि नऊ लाख भांडवलापैकीं एक कोटि ऐंशी लाखांहून अधिक रक्कम बुडाली. १८६६ च्या मे महिन्यांत लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली, आणि त्या धक्क्यानें मुंबईंत जें थोडेंबहुत तग धरून होतें तेंहि गेलें. बँक ऑफ बाँबे १८६८ सालीं बंद करण्यांत आली, त्याच सालीं त्याच कामासाठीं नवी बँक निघाली, आणि चौकशीकरितां सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन बसलें. कमिशननें दोष वांटून दिले: कायद्यानें निर्बंध काढून टाकले, सेक्रेटऱ्यांनीं अधिकाराचा दुरुपयोग केला, डायरेक्टरांनीं डोळे मिटले. ज्या तीन सरकारी डायरेक्टरांकडे पाहून लोक निर्धास्त होते, तेहि त्या नवांतच होते. पहारेकरी आहे एवढें लोकांनीं पाहिलें. तो जागा आहे कीं नाहीं, हें पाहण्याची सोय त्यांना नव्हती.

आमच्या मराठी समाजास या प्रलयाची झळ कशी लागली, याचें ठळक उदाहरण डॉ. भाऊ दाजी लाड यांचें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून पहिल्यांदा पदवी घेऊन निघालेल्या मंडळींपैकीं ते एक. प्राचीन शिलालेखांचे वाचक, गरिबांचे वैद्य, मुंबईच्या प्रत्येक सार्वजनिक कार्यांत अग्रेसर. त्यांच्याहून जाणता मनुष्य त्या वेळच्या मुंबईंत शोधून काढणें कठीण होतें, आणि तरी शेअरांच्या व्यवहारांत त्यांची मोठी मिळकत गेली. पुढें दोन वेळां ते मुंबईचे शेरीफ झाले, महारोगावरील औषधाचा त्यांनीं ध्यास घेतला, परंतु १८७४ सालीं वारले तोंपर्यंत पूर्वींची सुस्थिति त्यांस परत आली नाहीं. विद्वत्ता ही या बाबतींत ढाल होत नाहीं, हें त्यांच्या चरित्रावरून दिसतें. जे डॉक्टर नव्हते, शेरीफ झाले नाहींत, ज्यांचें चरित्र लिहिलें गेलें नाहीं, त्यांचें काय झालें असेल, तें वाचकांनींच कल्पावें.

आणि प्रेमचंद? तोहि बुडाला, सावकारांशीं तडजोड करून मोकळा झाला, पुन्हा धंद्यास लागला आणि १९०६ सालीं वारला. ऐन भरभराटींत त्यानें मुंबई विद्यापीठास पुस्तकालयाकरितां दोन लाख व घड्याळाच्या मनोऱ्याकरितां दोन लाख रुपये दिले होते. तो मनोरा १८७८ सालीं पुरा झाला, आणि प्रेमचंदाच्या आईच्या नांवानें राजाबाई टॉवर म्हणून अजून उभा आहे. त्याला खलपुरुष ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यानें कोणालाहि 'माझ्या मागें या' म्हटलें नव्हतें. मोठा मनुष्य बुडतो तेव्हां त्याच्यापाशीं पत असते, ओळखी असतात, तडजोड करण्याइतकें देणें असतें. लहानाचें देणें तडजोडीच्या लायकीचेंहि नसतें.

दीडशें वर्षांपूर्वींची ही कथा आज उकरून काढण्याचें कारण आमचे मार्गासनीचे एक स्नेही. नसरापुराहून वेल्ह्याकडे जातांना जेथून राजगडाकडे वाट फुटते, तेंच हें मार्गासनी. तोरण्याच्या दुरुस्तींत सांपडलेलें धन शिवछत्रपतींनीं राजगडाच्या तटाबुरुजांस लावलें, अशी त्या मुलखांतील परंपरा. पैशाचा दगड करून ठेवण्याचें तें एक निराळेंच शास्त्र होतें. असो. आमचे हे स्नेही शाळेंत शिकवितात, नेमस्त स्वभावाचे आहेत, जुगाराचा त्यांस तिटकारा. त्यांनीं आम्हांस विचारलें कीं, आतां मोठमोठ्या कंपन्या व फंड उघडपणें बिटकॉइन घेत आहेत; त्यांच्याजवळ आमच्याहून हुशार माणसें आहेत; मग त्यांच्या पाठोपाठ आपणहि थोडें घेतलें तर बिघडलें कोठें? हें वाक्य ऐकतांच आम्हांस १८६४ सालचा गिरगांवांतला कारकून आठवला.

बिटकॉइन हें २००९ सालापासून चालू असलेलें, कोणत्याहि सरकारची हमी नसलेलें, संगणकांच्या जाळ्यावर लिहिलेल्या खातेवहींतलें नाणें. त्याची संख्या दोन कोटि दहा लाखांपलीकडे जाऊं नये अशी व्यवस्था आहे. तें चांगलें कीं वाईट, या प्रश्नांत आम्ही पडत नाहीं. बॅकबेची जमीनहि खोटी नव्हती. प्रश्न पाठोपाठ जाण्याचा आहे.

मायक्रोस्ट्रॅटेजी नांवाच्या अमेरिकन कंपनीनें २०२० च्या ऑगस्टांत पंचवीस कोटि डॉलरांचें बिटकॉइन घेतलें, आणि पुढें रोखे काढून व स्वतःचे नवे शेअर विकून ती अधिकाधिक घेत गेली. बिटकॉइन चढलें कीं तिचा शेअर चढे, शेअर चढला कीं त्यावर अधिक पैसा उभा राही, त्या पैशानें पुन्हा बिटकॉइन घेतलें जाई. रहाटगाडगें वाचकांच्या ओळखीचें आहे. भेद एवढा कीं, त्या कंपनीनें काढलेल्या रोख्यांची मुदत वर्षानुवर्षांची असल्यामुळें, मध्यंतरीं भाव चौथाईवर आला तरी तिला थांबतां आलें. महिन्याच्या हप्त्यानें घेतलेल्या कर्जांतून खरेदी करणाऱ्या गृहस्थास तशी उसंत मिळत नाहीं.

टेस्ला कंपनीची गोष्ट याहून बोधक आहे. तिनें दीडशें कोटि डॉलरांचें बिटकॉइन २०२१ च्या जानेवारींत घेतलें. जगाला कळलें ८ फेब्रुवारीस. ज्यांनीं ती बातमी वाचून घेतलें, त्यांनीं अर्थात् बातमीनें चढलेल्या भावानें घेतलें. २०२२ च्या एप्रिल ते जून या तिमाहींत टेस्लानें आपल्याजवळचा सुमारें तीन-चतुर्थांश सांठा विकून टाकला. हेंहि जगाला कळलें जुलैंत, विक्री होऊन गेल्यावर. प्रेमचंदाच्या दारीं तिष्ठणारांस निदान शेटजी घरांत आहेत कीं बाहेर गेले, एवढें तरी दिसत असे.

पुष्कळदां तर ज्याला आपण मोठ्यांची खरेदी म्हणतों ती मोठ्यांची नसतेच. २०२४ च्या जानेवारींत अमेरिकेंत बिटकॉइनचे फंड बाजारांत विकण्यास परवानगी मिळाली, तेव्हांपासून 'ब्लॅकरॉकनें इतकें घेतलें' अशा बातम्या येऊं लागल्या. हें बिटकॉइन त्या फंडाच्या गिऱ्हाइकांसाठीं घेतलेलें असतें. फंड चालविणारास आपली फी मिळते, मग भाव चढो कीं उतरो. गिऱ्हाइकांत पुष्कळ आमच्या स्नेह्यासारखेच असतात. म्हणजे पुन्हा तोच प्रतिध्वनि.

बासेल येथील बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या संस्थेनें २०२२-२३ सालीं जी पाहणी प्रसिद्ध केली, तींत असें दिसलें कीं, मोबाइलवरून या व्यवहारांत पडलेल्या लोकांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांशांस बिटकॉइनमध्यें तोटा आला असावा. आणि २०२२ च्या पडझडींत मोठे धारक विकीत होते तेव्हां लहान धारक घेत होते. २०२१ च्या नोव्हेंबरांत सुमारें ६९,००० डॉलर असलेला भाव वर्षभरांत १६,००० च्या खालीं आला. पुढें तो पुन्हा चढला, २०२४ च्या डिसेंबरांत लाखावर गेला, हें सांगितलें नाहीं तर आमचें लिहिणें एकांगी होईल. ज्याला थांबतां आलें त्याचें निभावलें. आपल्या देशांत तर १ एप्रिल २०२२ पासून असल्या नफ्यावर शेंकडा तीस कर बसला, आणि एका नाण्यांतला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यांतून वजा करण्याचीहि सोय कायद्यानें ठेवली नाहीं.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं शेवटीं एक उदाहरण त्यांच्याच पेशाचें दिलें. कानडांतील ऑन्टॅरिओ प्रांताच्या शिक्षकांचा जो पेन्शन फंड आहे, त्यानें २०२१-२२ सालीं एफ. टी. एक्स. या बिटकॉइनादि नाण्यांच्या बाजारांत साडेनऊ कोटि डॉलर घातले. तज्ज्ञ नेमून, कागदपत्र तपासून, विचारपूर्वक घातले. २०२२ च्या नोव्हेंबरांत तो बाजार बुडाला आणि फंडानें ती सर्व रक्कम शून्य धरली. त्याबरोबर फंडानें असेंहि कळविलें कीं, ही रक्कम आपल्या एकंदर मालमत्तेच्या शंभर रुपयांमागें पांच पैशांहूनहि कमी आहे, व तिच्या बुडण्याचा परिणाम फारसा होणार नाहीं. मार्गासनीच्या मास्तरांनीं जी रक्कम योजिली होती ती मुलीच्या शिक्षणासाठीं सांठविलेल्या पैशाच्या निम्मी होती. शंभरांत पांच पैसे या हिशेबानें त्यांच्या वांट्यास किती रुपये येतात, तें काढून पाहण्यास आम्हीं त्यांस सांगितलें आहे. त्यांचें उत्तर अजून आलेलें नाहीं.